कापलेलं जाळं

"हे कुणी कापलं?"

बालवाडीच्या दारात एक माणूस उभा होता. अंगावरून पावसाचं पाणी निथळत होतं, आणि दोन्ही हातांत उंच धरलेल्या जाळ्याला मधोमध ताटाएवढं भोक पडलेलं होतं. त्या भोकातून त्याचा चेहरा दिसत होता, रागानं लाल झालेला.

खोलीतल्या सगळ्या पोरांनी दाराकडे पाहिलं. सगुणाच्या हातात अर्धवट घासलेली करवंटी होती, ती तशीच राहिली.

साल चौऱ्याऐंशी, आषाढाचे दिवस. खेडच्या बाजूच्या एका गावातून सगुणा बालवाडीची बाई म्हणून खाडीकाठच्या नाटे गावात आली, त्याला महिनाही झाला नव्हता. बालवाडीत एक फळा होता, एक सतरंजी होती आणि गळकी कौलं होती. खेळणं म्हणून एकही नव्हतं. मग तिनं पोरांना सांगून टाकलं, घरातलं टाकाऊ घेऊन या, आपणच करू! दुसऱ्या दिवसापासून खोली भरायला लागली. करवंट्या आल्या, शिंपले आले, रिकाम्या काडेपेट्या, झाडूतून गळलेले हीर. पिठाची खळ शिजवायची, हळदीचा पिवळा आणि कपड्यांच्या निळीचा निळा रंग करायचा. करवंटीचं कासव झालं, काडेपेट्यांची आगगाडी झाली. आगगाडी त्या गावातल्या एकाही पोरानं पाहिलेली नव्हती, म्हणून तिला शीडही लागलं!

आणि काल... काल शिंपल्यांच्या मासोळ्या चिकटवायला कुणीतरी जाळ्याचा छान तुकडा आणला होता. पुठ्ठ्याच्या चौकटीतला तो तुकडा समोर भिंतीवरच टांगलेला होता. सगुणानं तिकडे पाहिलं. त्या माणसानंही पाहिलं.

"चिमे!"

पाच वर्षांची चिमा सगुणाच्या पदराआड सरकली. "काका... बाईंनी टाकाऊ आणा म्हणून सांगितलानी..."

"म्हणजे माझं जाळं टाकाऊ काय?"

"तिला ओरडू नका," सगुणा पुढे झाली. आवाज तिनं हलू दिला नाही. "आणा म्हटलं मी, आणि आणलेलं नीट बघितलं नाही तेही मीच. जाळं मी सांधून देईन."

"तुम्ही?" त्यानं तिला नखशिखान्त न्याहाळलं. "कधी हातात धरलंत जाळं?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही शिकवा. गोदूबाईंकडे राहते मी. संध्याकाळी ओटीवरच असते."

जाळं खांद्यावर टाकून तो पावसात निघून गेला. सगुणाचे कान तापले होते. हे काय बोलून बसलो आपण? परक्या गावात, परक्या माणसाला?

येणार नाही, असं ती दिवसभर स्वतःला समजावत राहिली. दिवेलागणीला तो आला. नाव महिपत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा जाळी दुरुस्त करणं हेच त्याचं काम. आजूबाजूच्या घरांतल्या खिडक्या हळूच किलकिल्या झाल्या. गोदूबाई कंदील घेऊन मधोमध येऊन बसल्या.

"गाठ आवळा," महिपत म्हणाला. "अशी नव्हे... यातून मासा काय, म्हैससुद्धा निसटेल."

"आमच्याकडे म्हशी दाव्याला बांधतात. जाळ्यात नाही धरत."

तो हसला. हसताना तो मान खाली घालायचा, जणू हसणं कुणाला दिसलं तर दंड होईल. तिच्या बोटावरचा दोरा सोडवताना त्याची बोटं क्षणभर अडखळली — आणि दोघांनीही घाईघाईनं पावसाकडे पाहिलं.

जाळं सांधून झालं. चार दिवसांनी तो पुन्हा ओटीसमोर उभा, दुसरं जाळं घेऊन.

"हे कुणी कापलं?" सगुणानं विचारलं.

"उंदरानं."

तिनं कड बोटांनी चाचपली. सरळसोट, स्वच्छ. "नाट्याचे उंदीर कात्री वापरतात वाटतं?"

महिपतचे कान लाल झाले. गोदूबाई उठून आत गेल्या, आणि कंदील मात्र बाहेरच ठेवून गेल्या.

मग तो बालवाडीतही येऊ लागला. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद सालं, आणायचा, त्या भिजवायचा, दोन्ही टोकं दुमडून हीर टोचायचा, की झाली होडी! पोरं त्याच्या पाठीवर चढायची. एकेका होडीला खऱ्या होडीसारखी नाळ, पुढचं निमुळतं टोक, काढून द्यायचा तो, आणि नाळेवर निळीनं डोळे. "डोळे नसले तर वाट कशी दिसणार?" म्हणायचा. सगुणा दुसऱ्या कोपऱ्यात कागदाचा लगदा मळत बसायची आणि नको असतानाही नजर तिकडे जायची. वर बघावं तर तोही इकडेच बघत असायचा.

पण गाव आंधळं नव्हतं. पाणवठ्यावर ती गेली की बोलणं थांबू लागलं. एक दिवस गोदूबाईंनी तिला जवळ बसवलं. "बाय गो, पोरगा सोन्यासारखा हाय. पण तू वरच्या गावची, शेतकऱ्याची लेक. तो दर्यावरचा. दोन्हीकडची माणसं काय म्हणतील? आणि तुझी नोकरी? बाईच्या नावाला बट्टा लागला तर पोरं कोण पाठवील?"

सगुणाला त्या रात्री झोप आली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर खेडहून निरोप आला. नारळी पौर्णिमेला भाऊ येतोय, दुसऱ्या दिवशी घरी चल. मुलगा बघून ठेवलाय.

तिनं महिपतला सांगितलं तेव्हा तो बालवाडीच्या पायरीवर विरी तासत होता. सुरी थांबली.

"मुलगा काय करतो?"

"मुंबईला आहे. कारखान्यात."

"पगार असेल."

"असेल."

तो पुन्हा तासू लागला. सगुणा वाट पाहत राहिली. कौलांवरून ठिबकणारं पाणी मोठ्यानं वाजत होतं.

"एवढंच विचारायचं होतं?" शेवटी तीच म्हणाली.

"माझा बाबा ह्याच खाडीच्या तोंडाशी गेला," तो खाली बघतच म्हणाला. "आईनं वीस वर्षं दाराकडे बघत काढली. तसं कुणाला... आपण होऊन कसं सांगायचं, की ये म्हणून?"

"मला दर्याची भीती नाही वाटत, महिपत. माणूस बोलत नाही, त्याची वाटते."

तो अर्धी तासलेली विरी पायरीवर ठेवून उठला आणि निघून गेला. त्यानंतर तो आला नाही. ओटीवर नाही, बालवाडीतही नाही. किनाऱ्यावर होड्यांना तेल चढत होतं, लाँचींचे प्रमुख तांडेल माणसं जमवत होते, आणि त्या गर्दीत त्याची पाठ तेवढी तिला लांबून दिसायची.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी पोरांनी केलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. सगळं गाव बघायला लोटलं. आपल्या घरच्या फुटक्या करवंटीचं कासव झालेलं पाहून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या गर्दीत खांद्याला पिशवी लावलेला भागोजी उभा होता — सगुणाचा दादा. वडील गेल्यावर त्यानंच तिला शिकवलं होतं, मुंबईच्या गोदीत ओझी उचलून. त्यानं एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. शीड लावलेल्या आगगाडीपाशी हसलासुद्धा. मग होड्यांपाशी थांबला.

"ह्या पोरांनी केल्या? नाळ तर खऱ्यासारखी आहे."

"काकानं शिकवलान," चिमा ठसक्यात म्हणाली. "पयला रोज यायचा बाईंकडं. आता रुसलान."

भागोजीनं होडी हळूच खाली ठेवली.

"सगू, हा काका कोण?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. "महिपत," ती म्हणाली. "दादा, तो मुलगा मला दाखवू नकोस. माझं मन... इथे आहे."

भागोजी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. तिला बाजूला घेऊन त्यानं हळू आवाजात विचारलं, "त्यानं विचारलंय तुला?"

सगुणानं भिंतीवरच्या मासोळ्यांकडे पाहिलं.

"सगू, विचारलंय का?"

"नाही."

"मग कुणाच्या जिवावर बोलतेस?" त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तीच जास्त लागली. "उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. काय ते आईसमोर बोल."

सकाळी नाट्याच्या थांब्यावर पोरं जमली होती. सगुणाची नजर सारखी किनाऱ्याच्या वाटेवर. चिमा येऊन बिलगली.

"काका कुठे गं?" सगुणानं विचारलं.

"पहाटंच गेलान लाँचीवर. आज लाँची सुटायच्या ना!"

सगुणानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत चढली.

गाडी धापा टाकत चढण चढू लागली. एका वळणावर खाडीचं तोंड उघडं पडलं. पांढऱ्या फेसाच्या रेघेवरून होड्या बाहेर पडत होत्या, एकामागून एक. हिरव्या नाळेची ती लाँच, महिपत जिच्यावर कामाला जायचा. तिनं ओळखली. माणसं मात्र मुंग्यांएवढी, त्यातला तो कोणता ते कळेना. बघता बघता सगळं धूसर झालं... पाऊस नव्हताच, तरी.

भागोजीनं पिशवीतून शेंगदाणे काढून तिच्या हातावर ठेवले. लहानपणी रडली की तो असाच करायचा. ती खाऊ शकली नाही.

डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावर गाडी आली. सगळीकडे काळा कातळ आणि त्यावर पिवळ्या फुलांचे ताटवे. निर्मनुष्य थांब्याच्या अलीकडेच ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. कुणीतरी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभं होतं.

दार उघडलं. वर चढला तो... महिपत. सदरा घामानं चिकटलेला, पायांना चिखल, श्वास फुललेला.

"मरायचंय काय रे?" कंडक्टर ओरडला. "थांब्यावर उभं राहता येत नाय?"

"पाखाडीच्या पायऱ्यांनी, जवळच्या वाटेनं धावत आलो. म्हटलं, गाडी चुकेल."

"कुठं जायचं?"

"राजापूर. तिथनं पुढं खेडला." मग तो सरळ भागोजीसमोर आला आणि हात जोडले. गाडीतल्या सगळ्या माना वळल्या. "मी महिपत. लाँचीवर माणूस बदली दिला. तांडेलाच्या शिव्या खाल्ल्या, म्हणून उशीर झाला. हंगामाचा पयला दिवस सोडून आलोय. तुमच्या आईंना विचारायला... मागणी घालायला."

भागोजीनं त्याला बराच वेळ निरखलं. "मला विचारताय. हिला विचारलंत?"

महिपतनं मान वळवली. या वेळी त्यानं नजर खाली वळवली नाही.

"दर्यावर जायचं ते जायचंच, ते सुटायचं नाय," तो म्हणाला. "वाट बघावी लागेल तुला. कधी कधी खूप. पण तू असलीस तर... प्रत्येक खेपेला परत यायची घाई असेल मला. येशील, सगुणा?"

'तू' म्हणाला. पहिल्यांदाच. आणि तेही भरल्या गाडीत.

"इतके दिवस कुठे होतात?" तिचा आवाज फुटला.

"घाबरलो होतो."

"आणि आता?"

"आता जास्त घाबरलोय. हिरवी नाळ दिसली असेल तुला, आणि वाटलं असेल की मी गेलो..."

तिला हसूही आलं आणि रडूही. "हो," ती म्हणाली. इतकं हळू, की पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं मागं वळून विचारलं, "काय म्हटलंन?"

"हो म्हणाली!" कंडक्टर खेकसला. "आता बसा एकदाचे. गाडी खोळंबलीय."

भागोजी उठला. चेहरा अजून कोराच. "आई हो म्हणेल की नाही, मी सांगू शकत नाही," तो महिपतला म्हणाला. "तोंड तुमचं तुम्हीच उघडायचं. मी मध्ये बोलणार नाही." मग त्यानं पिशवी उचलली. "मला मागे खिडकी हवी. इथे उकडतं."

आणि तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

महिपत तिच्या शेजारी टेकला. दोघांमध्ये वीतभर जागा सोडून. गाडी सुरू झाली. सडा संपला, उतार लागला, आणि राजापूरच्या अंगाला मोठं वळण आलं. गाडी एका बाजूला कलली. सगुणाचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला.

वळण सरलं. गाडी सरळ झाली. सगुणा मात्र सरकली नाही.