उंबऱ्याबाहेरची काडेपेटी

"ताई, पेटी नाही!"

अंबादास धापा टाकत शाळेच्या ओट्याशी आला. कुंदाताई घमेली मोजत होत्या. घमेली सगळी होती, माणसं मात्र नव्हती. श्रमदानाला नक्की येतो म्हणणाऱ्यांपैकी अर्ध्यांची नेमकी आजच पाठ धरली होती.

"कोणती पेटी?"

"सुरुंगाची. कोठडी उघडून पाहतो तर जागा रिकामी."

कुंदाताईंनी हातातलं घमेलं आपटलंच. "किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडेच तर होती. पण काल संध्याकाळी ब्लॅकआउटचा भोंगा झाला अन् मी घरी गेलो. किल्ली मंडळाच्या खोलीत टांगून देली. रोज टांगतो तशी."

"वा रे वा! सुरुंगाची किल्ली खिळ्याला?"

 कुंदाताईंनी अंबादासकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग पदर खोचला आणि त्या चालू लागल्या.

इमलीखेडा म्हणजे पनागरच्या वाटेवरचं लहानसं गाव. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला असलेली आणि क्वार्टर न मिळालेली दहा-बारा मराठी घरं इथे येऊन राहिलेली, बाकी सगळे शेती करणारे. गावात पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, आणि तीही होळीच्या आत तळ दाखवायची. म्हणून ग्रामसुधार मंडळ काढलं. विष्णुपंत अध्यक्ष झाले आणि शाळेच्या मास्तरीण कुंदाताई चिटणीस. चिटणीस म्हणजे बाकीचे सगळे भाषण करत असतात तेव्हा जो घमेली मोजत असतो तो.

दोन हिवाळे गावानं श्रमदानानं नवी विहीर खणली आणि खाली काळा पाषाण लागला. पहारी वाकल्या. मग कुंदाताईंनी तहसिलीचे उंबरठे झिजवून सुरुंगाचा परवाना मिळवला, तो आजच्या दिवसापुरता. सिहोऱ्याहून सुरुंग लावणारा हल्केराम आला होता, तो दुपारच्या बसनं परत जाणार होता. सीमेवर लढाई पेटलेली. पुढची तारीख कधी मिळेल, हे सांगायला तहसीलदारसुद्धा तयार नव्हता.

आणि एवढ्यावर थांबतंय कुठे! या दिवसांत सुरुंगाची पेटी गेली म्हणजे ठाणं आलं. ज्याचं नाव ठाण्यात गेलं त्याचा कारखान्याचा पास गेला. अंबादास कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होता. घरात बायकोचे, इंदूचे, दिवस भरत आलेले.

विहिरीजवळच्या दगडी कोठडीशी दोघं आधीच उभे होते. विष्णुपंत कारखान्यात स्फोटक भरायच्या खात्यात सुपरवायझर, पांढरा सदरा, पायात चकचकीत बूट. आणि पुंडलिक, ज्याच्या बैलगाडीतून काल पेटी आली तो, नेहमीसारखा अनवाणी. पेटी कोठडीत आहे हे चौघांनाच ठाऊक होतं. चौथ्या कुंदाताई स्वतः.

"आमच्या खात्यात असं झालं असतं ना, तर एकेकाला घरी बसवला असता," विष्णुपंत म्हणाले. "तिथे काडेपेटी तर सोडाच, बुटाच्या टाचेला खिळा चालत नाही. आणि इथे? स्फोटक ठेवायचं कुदळी-फावड्यांच्या गर्दीत!"

"कालच सांगायचं होतंत," कुंदाताई तुटकपणे म्हणाल्या आणि वाकून पाहू लागल्या.

कोठडीत चुन्याचं पोतं फुटलेलं होतं. जमिनीवर दारापर्यंत पांढरी भुकटी. तिच्यावर अंबादासच्या जाड बुटांचे ठसे होते, काल पेटी ठेवताना उमटलेले. त्यांच्यावरून अनवाणी पावलं आत गेली होती आणि परत आली होती. उंबऱ्याबाहेर उडालेल्या चुन्यात एका जोड्याचे दोन ठसे शेजारी शेजारी, नीट जुळवून ठेवल्यासारखे. आणि बाजूच्या दगडावर एक काडेपेटी, दवानं ओली.

"बघा," विष्णुपंतांनी काडेपेटी उचलून दाखवली. "पुरावा समोर आहे. दिवसभर चुली पेटवणारा माणूस कोण आपल्यात?"

"माझी काडेपेटी माझ्या खिशात हाय!" अंबादास ओरडला. त्यानं ती काढूनही दाखवली.

"कँटीनमध्ये एकच असते काय रे?"

विष्णुपंतांनी सिगारेट ओठात धरली, दोन्ही खिसे चाचपले, आणि हातातली ओली काडेपेटी पेटेना म्हणून पुंडलिककडून विस्तव घेतला. मग म्हणाले, "माझं मत विचाराल तर रिपोर्ट लिहू आणि दुपारच्या बसनं ठाण्यावर पाठवू. मंडळाची अब्रू वाचेल. मीच लिहितो."

"अब्रूची घाई नको. मला आधी विचारू द्या."

पहिला नंबर पुंडलिकचा लागला. विहिरीच्या वाटेत त्याच्या शेताची कड गेली होती आणि त्यानं भर सभेत थयथयाट केला होता.

"काल रात्री कुठे होता?"

"घरी. काहून?"

"विहीर नको म्हणत होतास ना?"

"म्हणत होतो. गाडी माह्याच बैलानं ओढली ना तरी? मास्तरीणबाई, भांडीन तर चारचौघांत भांडीन. चोरी कायले करू?"

"अंधारात कोठडीकडे कोणाला पाहिलंस?"

"ब्लॅकआउटमंदी स्वतःचा हात दिसते काय? कारखान्यातून सुटलेल्या सायकली मात्र गेल्या घंट्या वाजवत. त्या वखती कोणीतरी भट्टीच्या वाटेनं लगालगा गेलं. कुत्रं भुकलं, एवढंच सांगतो."

मग विष्णुपंत. कुंदाताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा ते व्हरांड्यात भेडाघाटहून घडवून आणलेली संगमरवरी कोनशिला पुसत होते. रिपोर्टाचा कागद शेजारी लिहून तयार.

"ही कशाला आत्ताच?"

"गुरुवारी आमदारसाहेब येणार, माहीत नाही का तुम्हाला?"

"मंडळानं ठरवलं होतं, कोणासाठी थांबायचं नाही."

"ठरवलं ना. मी कुठे नाही म्हणतोय?" विष्णुपंत हसले. "पण आता आज तर काही होत नाही. आमदारांनी शब्द टाकला तर परवाना वाढून मिळेल. बसू नका काळजी करत."

कुंदाताईंनी कोनशिलेकडे पाहिलं. गुरुवारची तारीख सोनेरी रंगात भरलेली. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली, पण नुसती तिडीक पुरावा होत नाही.

परत येताना रस्त्यात इंदू उभी होती. पोटावर हात, डोळे सुजलेले.

"ताई, ते रिपोर्ट लिहून राहिले म्हणे. यांचं नाव टाकलं का?"

कुंदाताईंना खोटं बोलवेना. "टाकलंय. पण बस यायची आहे अजून."

"पास गेला तर आम्ही कुठं जाऊ? आमचं गाव तिकडे वर्ध्याकडे, तिथंही काही उरलं नाही."

"घरी जाऊन बस. उन्हात उभी राहू नको."

शाळेच्या ओट्यावर हल्केराम बिऱ्हाड बांधून बसला होता. "बाईजी, बताओ, काम है कि मैं चलूँ?"

"थांबा हो भैया, जरा थांबा!" त्या खेकसल्या. कोणावर तरी खेकसायलाच हवं होतं. मग त्या वर्गात जाऊन बसल्या. काडेपेटी बाहेर. जोडे बाहेर. माणूस आत, अंधारात. हे काय आहे?

एकाएकी त्या उठल्या. साबणाचं एक खोकं त्यांनी कोपऱ्यात ठेवलं, वर गोणपाट टाकलं आणि हल्केरामला शेजारी बसवलं. मग तिघांना निरोप गेला: पेटी सापडली, ओळखायला या.

अंबादास बुटांसकट धावत आत शिरला. गोणपाट उचललं आणि मटकन खाली बसला. "ताई, ही नाही! आपल्या पेटीला दोरीचे कान होते."

"गोणपाट टाक परत. तिकडे उभा राहा आणि बोलू नकोस."

पुंडलिक आला तो पेटती बिडी ओठात ठेवून. हल्केराम किंचाळला, "अरे फेंक उसे! मरवाएगा क्या?" पुंडलिकनं जीभ चावली, बिडी बाहेर भिरकावली.

मग विष्णुपंत आले. चेहरा पांढरा पडलेला. दाराशी थांबले. वाकून बूट काढले आणि शेजारी शेजारी जुळवून ठेवले. सदऱ्याच्या खिशातून नवी काडेपेटी काढली, सिगारेटचं पाकीट काढलं, किल्ल्या काढल्या. सगळं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलं. दोन्ही खिसे उलटे करून झटकले आणि मग उंबरा ओलांडला.

 विष्णुपंतांनी वर पाहिलं तेव्हा कुंदाताई त्यांच्या बुटांकडे बघत होत्या.

"विष्णुपंत, सुरुंग कुठे ठेवलेत?"

"काय बोलताय! मी?"

"तुम्हीच. ऐका आता. चोर अंधारात येतो, खिशात काडेपेटी असते, आत अवजारांची ही गर्दी. कोणीही आत जाऊन काडी ओढेल आणि पेटी शोधेल. हा काडेपेटी बाहेर ठेवतो आणि चाचपडत शिरतो. चोराला अंधाराचं एवढं प्रेम का? सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं ते यानं. आवाज होऊ नये म्हणून बूट काढले म्हणावं, तर कोठडीजवळ ऐकायला आहे कोण? आणि चोर बूट जुळवून ठेवतो?"

"कोणीही शहाणा माणूस..."

"कोणीही नाही. आत्ताच पाहिलंत. पुंडलिक बिडी ओढत आला. शिवाय त्याला बाहेर काढून ठेवायला पायताणच नाही. अंबादास काल बुटांनिशी कोठडीत गेला, चुन्यात ठसे आहेत, आणि आजही तसाच घुसला. तो कामाला कँटीनमध्ये, तुमच्या खात्याच्या दारातसुद्धा त्याला कोणी उभं करत नाही. स्फोटकाच्या दाराशी खिसे रिकामे करायचे, बूट बदलायचे, हे तुम्ही उभी नोकरी करत आलात. काल चोरी करायला गेलात तरी हात तेच करत राहिले. तेवढ्यात सुटलेल्या माणसांच्या सायकली आल्या. तुम्ही बूट उचलले, पेटी उचलली आणि पळालात. काडेपेटी राहिली. म्हणून सकाळी पुंडलिककडे विस्तव मागायची वेळ आली."

विष्णुपंतांनी कपाळ पुसलं. "मला काय करायचे होते सुरुंग?"

"काहीच नाही. आज स्फोट व्हायला नको होता, एवढंच. आज झाला असता तर आज पाणी लागलं असतं, बिनहाराचं, बिनभाषणाचं. मग गुरुवारी आमदारांना दाखवायचं काय? तुमची कोनशिला?"

विष्णुपंत भिंतीला टेकले. मग म्हणाले, "जुन्या वीटभट्टीत आहे. मातीच्या आडोशाला, घरांपासून लांब. धोका होईल असं मी काही केलं नाही. गुरुवारी काढून देणारच होतो." आवाज चढला. "मंडळ मी काढलं, कुंदाताई! गावात नाव कोणाचं होतं? तुमचं! जो तो म्हणतो, ताईंची विहीर."

"अहो, मग दगड उचलायचे होतेत चार!" कुंदाताईंचा आवाज फाटला. "नाव हवं होतं तर मला मागायचं, मी फुकट दिलं असतं. पोरगं नोकरीतून उठत होतं आणि तुम्ही स्वतःच्या हातानं त्याचं नाव लिहिलंत! लाज कशी वाटली नाही?"

पुंडलिक आणि हल्केराम भट्टीकडे पळाले. पेटी होती, दोरीच्या कानांसकट.

रिपोर्टाचा कागद विष्णुपंतांच्या खिशातच होता. कुंदाताईंनी तो मागून घेतला, टेबलावर ठेवला आणि पेन पुढे केलं. "अंबादासचं नाव खोडा. तुमचं घाला. काय केलंत ते लिहा."

"माझी पेन्शन जवळ आलीय हो..."

"त्याचं मूल जवळ आलंय. लिहा."

विष्णुपंतांनी लिहिलं. अक्षर पार बिघडलं. कुंदाताईंनी कागद अंबादासच्या हातात दिला. "बस उभी आहे. पाठवायचा की नाही, तू ठरव."

अंबादासनं कागद वाचला. बाहेर बसचा हॉर्न वाजला. त्यानं विष्णुपंतांकडे पाहिलं, मग कागदाच्या चिंध्या केल्या आणि खिडकीबाहेर टाकल्या.

"कोणाच्या बायकोनं रस्त्यात उभं राहून रडू नये," तो म्हणाला. "मी पाहिलं आज ते."

मग त्यानं खिशातून कोठडीची किल्ली काढून कुंदाताईंच्या टेबलावर ठेवली.

"हे काय? अरे, तू सुटलास!"

"मी धरलाच कुठं गेलो होतो, ताई?" त्याचा आवाज शांत होता. "दोन वर्षं खांद्यावरून माती वाहिली. पेटी नाही म्हटलं, तर तुम्ही आधी माझ्याकडेच पाहिलं. विष्णुपंत बोलायच्या आधी. चालतो मी."

कुंदाताईंनी किल्ली उचलून मुठीत धरली. तो म्हणाला ते खरं होतं.

बस हल्केरामला न घेताच गेली. दुपार कलताना विहिरीत सुरुंग उडाला, जमीन हादरली, गावातली सगळी कुत्री एकदम भुंकली. धूळ बसल्यावर पुंडलिक दोरानं खाली उतरला आणि तिथूनच बोंबलला, "पाणी! लागलं रे, पाणी लागलं!" सकाळी पाठ धरलेले सगळे आता काठावर नाचत होते. विष्णुपंत मात्र खाली उतरून दगड भरून देत होते. त्यांना कोणी थांबवलं नाही.

बायकांनी पहिली घागर कुंदाताईंच्या हातात दिली. गढूळ पाणी, पण पाणी. सगळे म्हणाले, ताई, दोन शब्द बोला.

 ताईंनी घागर कमरेवर घेतली आणि त्या अंबादासच्या घराकडे निघाल्या. दार उघडंच होतं. इंदू पुढे आली, दोन्ही हातांनी घागर उतरवून घेतली आणि डोळे पुसत हसली.

"अंबादास आहे?"

"आहेत, ताई. मागच्या अंगणात लाकडं फोडून राहिले."

कुंदाताई दारात थांबल्या. कुऱ्हाडीचा आवाज येत होता. त्यांनी हाक मारली. आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. किल्ली अजून त्यांच्या मुठीत होती. त्या तिथेच ओट्यावर बसल्या.