पेशीनळ

मंजिरी कॉलनीत चौथ्या दिवशी पाणी आलं आणि सव्वासातला बेहेरेसरांचं नाक फुटलं.

ठोसा गुट्टे पैलवानाचा. सरांनी नळाला थेट मोटर लावली होती. तशी पूर्वी सगळेच लावायचे. पण यंदा जमिनीखाली पेशीनळ होता, आणि तो निवडला होता ठेकेदारीण तारामती खरमाटेनं. लोखंड गंजतं, प्लास्टिक घुशी कुरतडतात. म्हणून झाडाच्या मुळांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला हा नळ तिनं हट्टानं पुरला. भोक पडलं की तो आपला आपण फुगून ते बुजवायचा. "फक्त याला ओढू नका," असं ती दारोदार सांगून आली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोटर मात्र कुणीच विकली नाही.

"मलाच एकट्याला का मारताय?" म्हणत सर घरात पळाले आणि आतून कडी लावून बसले. मोटर चालूच.

तेवढ्यात रस्ता फुगला. फरशा ताडताड उडाल्या. जोडणी बघायला खड्ड्यात उतरलेला तारामतीचा धाकटा भाऊ विष्णू कळवळला, "अक्का, हे मला आवळतंय गं."

मांडीएवढा नळ त्याच्या छातीला वेटोळं घालत होता. ओढ म्हणजे जखम आणि जखम दिसली की बुजवायची, एवढंच नळाला कळत होतं. विष्णू मधे सापडला होता.

खड्ड्याच्या काठावरून तारामतीनं नळावर कोयता घातला. हिरवा चीक तिच्या तोंडावर उडाला, कापलेली जागा दुप्पट फुगली आणि बरगडी मोडल्याचा आवाज तिनं स्पष्ट ऐकला. गुट्टेनं पहार उगारली.

"मारशील तेवढा आवळेल," म्हणत तिनं ती हिसकावली आणि सरांच्या घराकडे धावली. चार घावांत दार फुटलं, पाचव्यात मोटर.

तरी पकड सुटेना. मग तिला शेजारच्या घरातली घरघर ऐकू आली. त्यापलीकडची. गुट्टेच्या घरातलीसुद्धा.

"काय रे पैलवान?"

"बायकोनं लावली असंल," तो पुटपुटला.

अकरा मोटरी तिनं फोडल्या. बारावी तिला येताना बघून आपोआप बंद झाली. तेव्हा कुठे नळ सैल पडला.

विष्णूला खाटेवर घेतलं तेव्हा तो रक्त थुंकत होता. "उपटून टाक अक्का. लोखंडच बरं."

"उपटते की," ती म्हणाली आणि हंडे घेऊन दारात उभ्या असलेल्या सगळ्यांकडे वळली. पहार अजून तिच्या हातात होती. "पण लोखंड पुरल्यावर मोटर लावणार नाही, असं तुमच्यातलं कोण म्हणतंय?"