नेथन टिलबीचा कबुलीजबाब

थर्झा लुंडक्विस्ट तळघराच्या जिन्याखाली मरून पडली होती. विलो फोर्क गावचं जुनं संग्रहालय ती चाळीस वर्षं सांभाळत होती. तो जिना ती डोळे मिटून उतरायची. पाय घसरला म्हणावं, तर मनगटावर बोटांचे वळ होते.

शेरीफ लारू क्रिस्टोफरसन वर आली. टेबलावर काचेखाली एक पिवळं पान नीट ठेवलेलं होतं.

"तुम्ही इथं कशाला आलात, ब्रदर स्टोक्स?"

प्रेत पहिल्यांदा पाहिलं होतं ते ऑर्व्हल स्टोक्सनं. सत्तरी उलटलेला, गावच्या चर्चचा माजी बिशप. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे.

"सकाळी हार्सना चारा टाकला, म्हटलं थर्झाला पीचचा मुरंबा द्यावा. आलो तर हे."

एरवी लारू हसली असती. या खोऱ्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हॉर्सचा हार्स होतो. बाहेरचे लोक त्यावरून त्यांना चिडवतात.

"आणि हे पान?"

"नेथन टिलबीचा कबुलीजबाब. दान आलेल्या सामानात सापडला म्हणे. थर्झा रविवारी चर्चमध्ये त्यावर बोलणार होती."

"तुम्हाला वाचता येतं?"

"छे. कोंबडीचे पाय नुसते."

पान डेझरेट लिपीत होतं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची मंडळी या वाळवंटात आली तेव्हा त्यांनी स्वतःची लिपी काढली होती. आपल्या देवनागरीसारखीच, तोंडून निघेल तसं कागदावर. पुढे ती मेली. गावाला ठाऊक असलेली, ती वाचणारी दोनच माणसं उरली होती, थर्झा आणि डेल्फिया टिलबी.

"नाव घेऊ नये," ऑर्व्हल म्हणाला, "पण डेल्फिया काल इथं येऊन भांडली. रस्ताभर ऐकू आलं."

भांडणाचं मूळ १८५८ सालातलं. नाल्यात अकरा वाटसरूंना मारलं गेलं. चर्चनं सगळा दोष इंग्लंडहून आलेल्या नेथनवर टाकला. हुकूम मात्र ऑर्व्हलच्या पूर्वजाचा, बिशप हीबर स्टोक्सचा होता, असं नेथनच्या खापरपणतीनं, डेल्फियानं, पुस्तकात लिहिलं. चर्चनं तिला काढून टाकलं. आणि आता हे पान म्हणत होतं, 'मी एकट्यानं केलं. बिशपना ठाऊक नव्हतं.'

डेल्फिया शेरीफच्या कचेरीत ताठ बसली होती.

"काल कशावरून भांडलीस?"

"पान खोटं आहे म्हटलं. थर्झा म्हणाली, मोठ्यानं वाच, मग कळेल. मी रागात होते, निघून आले."

"नंतर कुठं होतीस?"

"घरी. एकटी. वाळीत टाकलेल्या बाईकडे कोण येतं, लारू?"

"सरकारी वकील संध्याकाळी तुझ्या अटकेचा कागद काढणार आहेत."

"काढू देत. आमच्या घराण्याला सवय आहे."

लारूला तिच्यासाठी भीती वाटली आणि तिची कीवही आली. तिनं पान पुढे सरकवलं. "थर्झानं सांगितलं तसं वाच. मोठ्यानं. अक्षर आहे तसं."

डेल्फिया नाखुषीनं वाचू लागली. "त्या मार्निंगला... फार्कपाशी... हार्स बांधले..."

तिनं 'हार्स'वर बोट ठेवलं. लारूनं झडतीचा परवाना मागवला.

संध्याकाळी लारूनं ऑर्व्हलला संग्रहालयात बोलावलं. डेल्फिया खिडकीपाशी उभी होती.

"ब्रदर स्टोक्स, डेल्फियानं खून केला असता तर पान चुलीत घातलं असतं. ते काचेखाली कुणी ठेवलं? ते आम्हाला सापडावं असं वाटणाऱ्यानं."

"अंदाज आहेत हे."

"नेथन तिशीत इंग्लंडहून आला. तो हॉर्सच म्हणणार आणि हॉर्सच लिहिणार. हार्स, फार्क, मार्निंग हे त्यानंतर इथं जन्मलेल्यांचं बोलणं. पान लिहिणारा या खोऱ्यात वाढलाय. डेल्फिया कॅलिफोर्नियात वाढली. थर्झानं वाचलं तेव्हा तिला तुमचाच आवाज ऐकू आला. रविवारी ती कबुलीजबाब वाचणार नव्हती, तुमची लबाडी सांगणार होती."

"मला ती लिपी येत नाही."

"दुपारी तुमच्या घराची झडती घेतली. मुलांना ही लिपी शिकवायचं जुनं पुस्तक मिळालं, आणि जुन्या वहीचे उरलेले पिवळे कागद."

ऑर्व्हल पुटपुटला, "पण मी तर एकही चूक केली नाही. वीसदा तपासलं."

"हॉर्स म्हणा बरं."

"हार्स."

"मी काय म्हटलं?"

"हार्सच की. मग?"

त्याला फरक ऐकूच येत नव्हता. डेल्फियानं तोंड फिरवलं.

तो खाली बसला. "मी फक्त तिचा हात धरला होता. म्हटलं, गप्प राहा. ती हसली, लारू. हात झटकला, आणि मी ढकललं." मग त्यानं मान वर केली. "हीबर स्टोक्सचं रक्त तुझ्याही अंगात आहे. तुझी आजी स्टोक्सच होती."

"होती."

"मग रविवारी त्या व्यासपीठावरून हे कोण सांगणार? ही? चर्चनं काढलेल्या माणसाला तिथं बोलता येत नाही."

लारूनं कमरेच्या बेड्या काढून त्याच्या मनगटांत अडकवल्या.

"मी सांगेन," ती म्हणाली. "मग मलाही काढा."