आदल्या दिवशीची घागर

लाइट गेलीय ती अकराशिवाय येत नाही. बसा. भूषण, तो मोबाइल उलटा ठेव, तोंडावर निळा उजेड पाडून तूच भूत दिसायला लागलास.

ऐकीव सांगत नाही. अर्धं माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अर्धं हितेंद्रनं याच ओट्यावर बसून सांगितलं.

गेल्या वर्षी अखाजी, आपली अक्षय्यतृतीया, बुधवारी होती. आदल्या मंगळवारी, एकोणतीस एप्रिलला, दिवेलागणीला मी भाईदासच्या घरी डांगर द्यायला गेलो. पितरांच्या घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, लागतं, आणि ते दरवर्षी माझ्याच मळ्यातलं जायचं. दरवर्षी भाईदास ते हातात घेऊन वास घ्यायचा. गेल्या वर्षी घागर त्याच्याच नावाची होती. भादव्यात वारला तो.

भाईदास म्हणजे आपला चोपड्याकडचा केळीवाला, माझा चाळीस वर्षांचा सोबती. खताच्या दुकानातून त्याला एक कॅलेंडर मिळालं होतं. त्यावर कंबोडियातलं अंगकोरचं देऊळ. पाच शिखरं, पुढं पाणी. वर्ष सरलं, तरी कॅलेंडर भिंतीवरून उतरलं नाही. म्हणायचा, "नाना, विष्णू बघ केवढ्या लांब जाऊन बसला. आणि आपण जळगावच्या पुढं गेलो नाही."

हौसेनं पासपोर्ट काढायला गेला. अंगठा मशीनवर तीनदा दाबला, उमटेना. जन्मभर केळीचा चीक लागून रेषा बुजल्या होत्या. शेवटी साहेबानं बाकीच्या बोटांवर भागवलं. पासपोर्ट आला तसा गावभर दाखवत फिरला, आणि मुलाला म्हणाला, चल.

हितेंद्र म्हणाला, "आबा, पुढच्या वर्षी."

सात वर्षं ते पुढचं वर्षच चाललं होतं. बाप गेला आणि सात महिन्यांत पोरानं तिकिटं काढली. त्याच गावची. दोघांची, स्वतःची आणि बायकोची.

मी गेलो तेव्हा हितेंद्र आणि मयुरी लॅपटॉपला चिकटलेली. पहिल्या पहाटे सूर्योदय बघायचा, दुसऱ्या दिवशी झाडांच्या मुळांनी धरलेलं देऊळ, हॉटेलात पोहायचा तलाव. विमान बुधवारचं. ऐन अखाजीचं.

कुंदाबाई, त्याची आई, चुलीपाशी उभी. "घागर सकाय भरतस, भो. पहिलं वरीस शे तुना बापनं."

"उद्या आम्ही विमानात असू, आई. आजच भरू. आबांना काय, आज काय न् उद्या काय."

मी म्हटलं, "अरे, उद्याचं आवतण आज दिलं, तर आलेला माणूस बसेल कुठं?"

"नाना, तुम्ही डांगर ठेवा आणि चहा घ्या."

मी डांगर ठेवलं. चहा घेतला नाही.

मंगळवारीच घागर भरली. निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास ठेवला. हितेंद्रनं घड्याळ बघत हाक मारली, "आबा, जेवायला या." धूर सरळ वर गेला, म्हणजे पितरानं घास घेतला. पोरानं उभ्या उभ्या दोन घास गिळले, बॅगा उचलल्या. जळगावहून रात्री एकची रेल्वे धरायची होती. साडेनऊला ते निघाले.

बोलावलं होतं ना? मग येणारा आला. घरात बघतो तर बॅगा बाहेर चाललेल्या, त्याच गावाला...

पुढचं हितेंद्रचं.

गाव सुटलं. दोन्हीकडं केळी. गाडीत टुंग टुंग वाजायला लागलं. मागच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की त्या नव्या गाडीत वाजतं.

मयुरी म्हणाली, "बॅगेचं वजन लागलं असेल."

तो उतरला. बॅगा डिकीत टाकल्या. मागची सीट मोकळी. गाडी सुरू केली.

टुंग. टुंग.

"सेन्सर गेला वाटतं."

"एसी बंद कर ना. कसला वास येतोय?"

त्याला वास कळला होता. ताजं केळीचं खोड कापल्यावर येतो तो. काचा बंद होत्या. त्यानं सांगितलं नाही.

विदगावचा पूल आला. खाली तापी. पुलावर एक गाडी नाही. टुंग. टुंग. टुंग.

मयुरीनं आरशात बघितलं.

"हितेंद्र..."

"काय?"

तिनं स्वतःचा पट्टा घट्ट धरला.

त्यानं गाडी थांबवली. मागं वळला नाही. आरशात बघितलं नाही. नुसता हात मागं नेला. चाचपडत पट्टा ओढला. पुढून नेला. मधे काहीतरी होतं. पट्टा त्यावरून गेला... अडकवला.

टक्.

आवाज थांबला.

जळगाव आलं. स्टेशनला मागचं दार उघडलं. सीटवर कुणी नाही. पट्टा लागलेला. आणि ताणलेला.

"मग ते परत फिरले का, नाना?"

परत कशाला फिरतील, भूषण? तिकीट काढलं होतं ना. गेले. आले. चारशे फोटो आणले म्हणे. मला एक दाखवला नाही, मीही मागितला नाही. गाडी मात्र महिन्यात विकली.

इकडं बुधवारी, खऱ्या अखाजीला, कुंदाबाईनं एकटीनं पुन्हा घागर भरली. मला बोलावलं होतं. निखारा फुलवला, घास ठेवला, तिनंच हाक मारली. आम्ही बघत बसलो. निखारा लालभडक. घास तसाच. धूर नाही.

तिनं पुन्हा हाक मारली.

नाही.

"कोठे गयात हो?" एवढंच म्हणाली ती.

मग उठली. पत्र्याची पेटी उघडली. किल्ली तिच्या कमरेला असते, भाईदास गेल्यापासून पेटीला कुणाचा हात लागला नव्हता. त्याचा पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. मला वाचता येत नाही धड, पण कोरं पान ओळखता येतं. सगळी कोरी.

एक सोडून.

त्या पानावर अंगठा होता. केळीच्या चिकाचा. बोट लावलं तर चिकटत होतं. सकाळपर्यंत वाळून काळा पडला.

त्यातली रेष न् रेष उमटली होती.