'राखा' नावाचा पर्याय

कारखानीस सरांनी तिसरी जिलबी उचलली, तेव्हा त्यांच्या शर्टाखालून बारीक 'टुक्' असा आवाज आला. पोटावर चिकटवलेल्या कृत्रिम स्वादुपिंडाने इन्सुलिनचा थेंब सोडला होता. तीन वर्षांत त्या यंत्राने सरांचं शरीर शिकून घेतलं होतं. जिलबीला किती, भाकरीला किती, अगदी चिडल्यावर किती, तेसुद्धा.

"तेजल, नव्या आवृत्तीच्या सूचना तुझ्याकडे अडकल्यात. दवाखाने खोळंबलेत."

"अडकल्या नाहीत, सर. मी अडवल्यात."

रुग्णांची ही यंत्रं अद्ययावत कशी करायची, याच्या पायऱ्या आता 'लेखनिक' नावाचा प्रोग्रॅम लिहीत असे. यंत्राला द्यायची एखादी आज्ञा बदलली की तो सूचना बदलायचा, आज्ञा चालवून बघायचा आणि हिरवी खूण करायचा. तेजलने मंजुरीसाठी नुसता अंगठा टेकवायचा. पण प्रत्येक पायरी स्वतःच्या हाताने चालवल्याशिवाय ती अंगठा देत नसे. ऑफिसात तिला 'सोवळ्यातली बाई' म्हणत.

"चौथी पायरी बघा." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "आज्ञेपुढे 'राखा' हा पर्याय लिहिला, की यंत्र रुग्णाबद्दल शिकलेलं जपून ठेवायचं. नव्या आवृत्तीत तो पर्याय काढलाय. आता आधी वेगळी प्रत काढावी लागते."

"काढला असता तर यंत्राने चूक दाखवली असती. इथे खूण हिरवी आहे की!"

"जुनी कामं एकदम बंद पडू नयेत म्हणून शब्द तेवढा ठेवलाय. यंत्र 'राखा' ऐकून घेतं आणि काहीच राखत नाही. लेखनिकाने चूक आली नाही एवढंच पाहिलं. आत काय उरलं, ते नाही."

टेबलावरच्या चाचणी यंत्रावर तिने आज्ञा चालवली. 'यशस्वी' असा शब्द उमटला. मग तिने आतली माहिती उघडली. पाटी कोरी. कोणा सरासरी माणसाचा डोस तेवढा तिथे होता.

"शिकेल पुन्हा. आठवडाभराचा तर प्रश्न," सर म्हणाले.

"आणि त्या आठवड्यात कुणाची साखर झोपेत उतरली तर?"

"अगं, लाखात एखादा! तू नाही दिलास तर मी देतो अंगठा. अधिकार आहे मला."

"द्या ना." तेजल उठली आणि चाचणी यंत्राला आज्ञा देणारी तार तिने त्यांच्यासमोर धरली. "फक्त आधी ही तुमच्या पोटावर लावू. पहिले तुम्ही, मग बाकीचे."

शर्टाखाली पुन्हा 'टुक्' झालं. जिलबी तर सरांनी केव्हाच खाली ठेवली होती.

त्यांचा हात नकळत पोटावर गेला. "नव्याने लिही ती पायरी," ते पुटपुटले.

"सकाळीच लिहिलीय. चालवूनही पाहिलीय." तेजलने तार खाली ठेवली नाही. "पण सर, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रांच्या सूचनाही हाच लेखनिक लिहितो. त्यांतल्या किती पायऱ्या आजवर नुसत्याच 'यशस्वी' झाल्या असतील?"