नाव न विचारणारं घर

नारायणगावात भाड्यानं खोली मिळवणं म्हणजे दिव्यच. खोली रिकामी असते, मालक हसून चहाही विचारतो. नाव सांगितलं की मात्र त्याला एकदम आठवतं, पुण्याचा पुतण्या राहायला येणार आहे. रिजवानला असे पुतणे दारोदार भेटले. तो टोमॅटोच्या मार्केटात आडत्याकडे कामाला. बायको फरहाला सातवा महिना. पहिलं बाळ जुन्नरहून दवाखान्यात आणता आणता जीपमध्येच गेलं होतं. या खेपेला दवाखान्याजवळच राहायचं, मग काय वाट्टेल ते होवो, असं त्यानं ठरवलं होतं.

प्रयागबाईंच्या इमारतीतला वरचा फ्लॅट चांगला उजेडाचा होता. भाडं इतकं कमी, की त्यानं दोनदा विचारून घेतलं.

"नाव न्हाई विचारलं तुमी," तोच भीत भीत म्हणाला.

"त्यात काय विचारायचं?" म्हातारीनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेजारची रत्ना जिन्यात भेटली. "आलात का ज्ञानेश्वरभाऊ! आरती लई दिवसांत दिसली न्हाई?"

आधीच्या भाडेकरूंची नावं असतील, माणूस चुकतो. रिजवान सांगणार, तेवढ्यात त्याला ते सगळे पुतणे आठवले. तो नुसता हसला. घरात येऊन फरहाला म्हणाला, "बाळ होईस्तोवर चालू दे. नावानं काय अंगाला भोकं पडतात?"

शेजारणींनी तर फरहाला डोक्यावर घेतलं. कुणी मेथी निवडून आणी, कुणी पायाला तेल चोळून देई. परक्या गावात एवढी माया! तिला रडूच आलं. 'आरती' अशी हाक आली की ती आता लगेच ओ देई.

मग बारीकसारीक सुरू झालं. उदबत्ती कुणी लावत नव्हतं, तरी संध्याकाळी घरभर वास यायचा. अंधारात रिजवानचा हात न चाचपडता बटणावर जायचा. एके सकाळी खालच्या चिमाजींनी विचारलं, "तुमच्या गावाकडं, तळेघरला, भात कसाय औंदा?"

"पाऊस लांबला. वरच्या खाचरात अजून लावणी न्हाई," रिजवान म्हणाला.

आणि तिथंच पायरीवर बसला. तळेघर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

धावतच तो घरात आला. "फरहा, आजच्या आज हे घर सोडायचं."

ती भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. मग त्याचा धीर सुटला.

"आरती?"

"काय ओ?" ती म्हणाली.

घर सोडायचं राहून गेलं. का, ते त्याला आठवेना.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात त्याची आई, जोहराबी. जुन्नरहून आलेली, घामाघूम, सुनेसाठी लाडवांचा डबा छातीशी धरलेला. तिनं त्याच्याकडं परक्यासारखं पाहिलं.

"भाऊ, इथं रिजवान राहतो का? माझा पोरगा."

हाक गळ्यापर्यंत आली.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "हितं तसलं कुणी न्हाई."

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. तो दारात उभा राहून रडला. कशासाठी, ते कळेना.

आत ओट्यावर फोन वाजू लागला. स्क्रीनवर अक्षरं होती : अम्मी.

"कुणाचा ओ हा फोन?" बायकोनं विचारलं.

त्यालाही सांगता येईना. दोघं तो बंद व्हायची वाट बघत उभी राहिली.