चार वाजताचा गोलकीपर

मेल्यावर माणूस कुठे जातो, हे भल्याभल्या ऋषिमुनींना उकललं नाही. मला उकललं.

दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनला जातो.

हसू नका. यातलं अक्षरही रचलेलं नाही. जन्मभर विनोदी लिहिल्यामुळे माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्याला माझा इलाज नाही.

गेला ऑगस्ट. रात्र नव्हे, दुपारचे चार. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि मी तिथल्या कॉलेजच्या आइस हॉकी रिंकवर, काचेमागच्या ऑफिसात कुडकुडत बसलेलो. माझे जावई शैलेंद्र तिथे स्पोर्ट्स ऑफिसर.

"बाबा, टीमला दहा वर्षं झाली. स्मरणिकेत गाजलेल्या सामन्यांवर लिहा ना. तसेही रिकामेच आहात."

दहा वर्षांत टीमनं तीन सामने जिंकले होते. त्यातला एक, समोरच्यांची बस शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून.

खरा गाजलेला एकच. तीन वर्षांपूर्वीची फायनल, तीही त्या बसच्या कृपेनं गाठलेली. शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला आणि ३-२ नं हरले. गोलकीपर डेन्झिल ओरडत राहिला, "इट डिडन्ट गो इन!"

पुढच्याच महिन्यात तो फुजैराच्या रस्त्यावर अपघातात गेला.

त्याची आई विल्मा. मूळची वसईची, कॉलेजच्याच अ‍ॅडमिशन डेस्कवर बसते. सकाळीच मला म्हणाली होती, "अंकल, एवढंच लिहा. तो गोल नव्हता. माझ्या पोराचं कोणी ऐकलंच नाही."

म्हणून मी व्हिडिओ लावला. सोबतीला फक्त यूनुस. रिंकचं बर्फ सपाट करायचं मशीन तो चालवतो.

या खेळात चेंडूऐवजी असते ती रबराची चकती गोलरेषेच्या चांगली वीतभर आत होती. गोलच.

आता त्या माउलीला काय सांगू?

तेवढ्यात रिकाम्या रिंकवरून...

ठक. ठक.

गोलकीपर मागे न बघता काठीनं दोन्ही खांब चाचपतो ना, तसं.

मी यूनुसकडे पाहिलं.

"रोज चार बजे," तो चहा ढवळत म्हणाला. "प्रॅक्टिस करता है. बहुत थक गया है बेचारा."

मी व्हिडिओ पुन्हा लावला.

चकती आता... चारच बोटं आत.

तिसऱ्यांदा, रेषेवर.

चौथ्यांदा... डेन्झिलच्या पायाला लागून ती बाहेर गेली.

पण दर वेळी तो जास्त वाकलेला दिसत होता. चौथ्यांदा तर त्याला गुडघ्यांवरून उठवतच नव्हतं.

मी विल्माला बोलावलं. वाटलं, खूश होईल. तिनं पाहिलं आणि व्हिडिओ थांबवला.

"अंकल, गोल झाला होता. मी समोरच बसलेले. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, तू बरोबर आहेस, पोरा."

बाहेर...

ठक. ठक.

ती काचेपाशी गेली. रिंकवर कोणी नव्हतं. यूनुसनं अर्ध्या तासापूर्वी गुळगुळीत केलेलं बर्फ. फक्त गोलपुढची जागा ओरखड्यांनी भरलेली.

"डेन्झिल," ती म्हणाली. "खलास, रे. गोल गेला होता. ममा खोटं बोलली. ये आता. दमलास."

ठक...

दुसरा आवाज आलाच नाही.

स्मरणिकेत मी ३-२ लिहिलं. छापायला देण्याआधी, खात्री असावी म्हणून घरी व्हिडिओ परत लावला. चकती आत जाते. वीतभर.

पण जाळ्यासमोर...

कोणीच नाही.

आमचे पाच खेळाडू धावतायत. सहावा सामन्यातून निघून गेलाय. अकरा वेळा मोजलं. मग माझाही धीर संपला आणि डोळेही थकले.

विल्माला हे सांगितलेलं नाही. तो निघाला, हे खरं. पोचला का, ते कोणाला विचारू? यूनुस म्हणतो, चार वाजता आता काही ऐकू येत नाही. मी मात्र रोज चार वाजता कान देऊन बसतो.

असो. शनिवारी मॅच आहे आणि ती ठक ठक टीमच्या कानावर गेल्यापासून त्या जागेवर उभं राहायला कोणी तयार नाही. तुमच्या ओळखीत एखादा गोलकीपर असेल, तर कळवा.

स्केटिंग येत नसलं तरी चालेल.